सुमन कुणाचं नाव

“पोराला सुमन म्हनाचं? मंग येनी पन घाला त्याला,” वहिनीने ते नाव काढल्यावर काकू म्हणाली, आणि बारशाच्या घुगऱ्या वाटीत भरणाऱ्या बायका हसल्या. वहिनी पाळण्यापाशी होती. तिने दुपट्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

सुमन हे वहिनीच्या आईचं नाव. ती लग्नाआधीच गेली. मुलगी झाली तर हेच ठेवू, असं दादा म्हणाला होता. मुलगा झाला आणि तो विषय मिटला. माझ्या आईने एक नवं, दोन अक्षरी नाव ठरवलं. ते ठेवायचं मात्र मी, कारण आत्या मी. काही दिवसांपूर्वी वहिनीने मला हळूच विचारलं होतं, “मुलाचं नसतंच का हो हे नाव, ताई?”

मला माहीत नव्हतं. माझ्या इंग्रजी शाळेत एकही सुमन नव्हती. आमच्या गावात, राहनाळला, ज्या होत्या, त्या सगळ्या नऊवारीतल्या. नेटसाठी भिवंडीत कॅफेत जावं लागे, म्हणून घरातला शब्दकोश काढला. सुमन म्हणजे फूल. शिवाय, चांगल्या मनाचा. बाईचं की पुरुषाचं, ते काही लिहिलेलं नव्हतं.

मग आठवलं, घरामागच्या पॉवरलूमवर शिफ्ट बदलताना कुणीतरी “ए सुमन, चाय पी ले” अशी हाक मारायचं आणि भरघोस मिशांचा एक माणूस बाहेर यायचा. मला वाटायचं, चिडवतात. त्याची बायको आमच्याच चाळीत राहायची. मी आपणहून कुणाशी बोलत नाही, पण नळावर तिला विचारलं. नवऱ्याचं नाव ती घेईना. पदराआडून म्हणाली, बिहारला तिच्या गावात पुरुषांचंच असतं. मग तिनेच विचारलं, “औरत का भी होता है?” आम्ही दोघीही हसलो. आमच्याकडे आज्यांबरोबर संपत आलेलं नाव तिच्याकडे तरण्या पुरुषांचं होतं.

घरात मी हे बोलले नाही. लूमवाल्यांचं आपल्याला काय, असं काकू म्हणाली असती.

बाळाला पाळण्याच्या वरून-खालून दिलं-घेतलं. मी त्याच्या कानाशी वाकले. आत्याने ठेवलेलं नाव मग कुणी बदलत नाही, एवढं मला ठाऊक होतं. पाठीत धपाटे बसले. वहिनी माझ्याकडे बघत नव्हती.

आई म्हणाली, आता मोठ्याने सांग.

“सुमन,” मी म्हणाले. “सुमन ठेवलंय.”