कॅलेंडरवरची ओहोटी

हे मी आजवर कुणापुढे बोललेली नाही. देवापुढेसुद्धा नाही — म्हणजे त्याला ठाऊक असणारच, पण माझ्या तोंडून नाही. तुम्ही ओळखीचे नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तीन दिवस वही उघडून बसते आहे. सोपं काही जात नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, त्याला कारण आहे, ते पुढे येईल. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन पुडीच्या कागदांवर झालं. तेव्हा चुकलंमाकलं चालवून घ्या — नाही, तसं नको. ऱ्हस्व-दीर्घ चालवून घ्या. बाकीचं नको.

आमची वाडी रत्नागिरीपासून तासाभरावर, खाडीच्या काठाला. माझं घर खाली, पाण्याजवळ. धाकटी जाऊ सुलभा — सुलू — हिचं घर वर, जांभ्याची पाखाडी चढून गेलं की टोकाला. चौऱ्याऐंशी पायऱ्या. दोघींकडे फोन आहेत, पण आम्ही एकमेकींना कधी फोन केला नाही. ती वरून कुकारा घालायची — “वयनीऽऽ ओ!” — की माडावरचे कावळे उडायचे. मी खालून ओ द्यायची. झालं आमचं बोलणं. माझे यजमान लाँचवर तांडेल होते, लाँच त्यांच्या हातात असायची. ते म्हणायचे, सुलूला लाँचवर न्यायला हवी, धुक्यात भोंगा लागायचा नाही. ती लाजायची, आणि दुसऱ्या दिवशी अजून जोरात ओरडायची.

यजमान होते तेव्हा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी भरती-ओहोटी मांडून ठेवायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, तेवढं गणित मला येतं. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाचं मंद पाणी कधी, सगळं चौकटीत. ते गेले आणि चौकटी रिकाम्या राहिल्या. दुधाचे खाडे तेवढे लिहायची.

मग तो आजार आला. रोज संध्याकाळी जिल्ह्याचे आकडे मोबाईलवर यायचे, तालुकावार. मी ते कॅलेंडरवर उतरवून घ्यायला लागले. वरून मंडणगड, दापोली, मग खेड, चिपळूण, अशी खाली खाली राजापूरपर्यंत. कालच्यापेक्षा वाढला तर लाल पेन, उतरला तर निळा. आधी नुसता वेळ जावा म्हणून. पण वाडीतल्या बायका कुंपणापलीकडून विचारायला लागल्या, आज काय गो आकडा? बाजारात जाऊ की नको? मुंबईहून मुलाला गणपतीला बोलावू की नको? मी आत जाऊन कॅलेंडर बघायची आणि बाहेर येऊन सांगायची. चौथी शिकलेल्या बाईला लोक विचारून घराबाहेर पडतात, हे कसं वाटतं सांगू? फार बरं वाटतं. हे आधी सांगायला हवं होतं. सगळं तिथूनच सुरू झालं.

चूक ही की मी आकड्यांना पाणी समजले. चढलं की उतरणार, उतरलं की काही दिवस निवांत. जन्मभर खाडी बघितलेली बाई दुसरं काय समजणार? यजमानांच्या शब्दात सांगायची, आता भांग आहे, आता उधाण येईल. दोनदा तसं झालंसुद्धा. मग काय, माझा शब्द म्हणजे शब्द.

आणि लस आली. दोन होत्या. एक बाहेरदेशी शोधून आपल्याकडे बनवलेली, दुसरी मुळापासून आपली. आमच्याकडे यायची ती बाहेरच्या शोधाची. सुलूच्या पडवीत बसून मी सांगायची, अगो, आपली शरीरं उकड्या तांदळाच्या पेजेवर वाढलेली, त्यांना तिकडची सुई कशी मानवेल? तिकडच्या काही देशांनीच ती थांबवली, टीव्हीवर आलं होतं. थांबवली होती हे खरं. परत सुरू केली हेही टीव्हीवर आलं होतं. तेवढं मी सांगितलं नाही.

गावची आशाताई घरोघरी फिरत होती, बिचारी, उन्हातान्हाची. तिने पडवीत सगळ्यांसमोर मला विचारलं, “काकू, तांडेलकाकांच्या लाँचला इंजिन जपानचं होतं ना? त्याच्या भरवशावर जन्मभर दर्यावर गेले. मग सुईच तेवढी गावची हवी?”

सगळ्या हसल्या. सुलू सर्वांत जास्त हसली, तिला हसू आवरत नाही. मी हसले नाही. तोवर ते माझं एक मत होतं. त्या दिवसापासून ती माझी अब्रू झाली.

पण घाबरलेली होते मी. लाल पेन संपून दुसरं आणावं लागलं. रोज कोळंबीची पाटी घेऊन दारावर यायची ती बाई आठवड्यात गेली — माझ्यापेक्षा तरुण, धडधाकट. मी मुंबईला दिनेशला, माझ्या मुलाला, फोन केला. म्हटलं, माझं नाव घाल बाबा लशीसाठी. पण आपल्या गावात नको, हातखंब्याकडे कुठे मिळेल तर बघ, जिथे ओळखीचं कुणी नसेल. तो हसला. म्हणाला, “आई, लस घ्यायला चाललीस की पळून जायला?”

सुलूला सांगितलं, डोळ्यांचे थेंब संपलेत, रिक्षाने जाऊन येते. तिने कोकम सरबताची बाटली भरून दिली. उन्हाची जाऊ नको, तोंडावरचं फडकं खाली करू नको, शंभर सूचना. सुई टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात, तिथे बसून मी ते सरबत प्यायले. हीच ती बाहेरची लस. काही झालं नाही. डास चावल्यासारखं.

संध्याकाळी ताप भरला. लशीने येतो, तिथल्या बाईंनी सांगून ठेवलं होतं. पण सुलूला काय ठाऊक? त्या दिवसांत ताप म्हटलं की माणसं खिडक्या लावून घेत होती, तुम्हाला आठवत असेल. ती पाखाडी उतरून आली. गवती चहा आणि आल्याचा काढा केला, माझ्या उशाशी बसली, पाय दाबत राहिली. मी म्हटलं, लांब राहा गो, तुला होईल. तर म्हणाली, “चाळीस वर्षं जवळ काढली, आता कुठे लांब जाऊ?”

त्याच वेळी सांगता आलं असतं. तिच्या जिवाला घोर लागला होता आणि मला माहीत होतं की घोर लागण्यासारखं काही नाही. तिने हात दाबायला घेतला, तो नेमका सुजलेला. मी झटकला. म्हटलं, खांदा धरलाय. पदर ओढून घेतला. का नाही बोलले? — ती हसली असती म्हणून. नुसतं हसली असती, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन टोचून आली असती. एवढंच झालं असतं.

पुढे तो वादळी वारा सुटला. आंब्याची कलमं उन्मळली, विजेचे खांब आडवे झाले, रस्त्यांवर झाडं. चार-पाच दिवस कुठे काही सुरू नव्हतं. वीज परत आली आणि मी मोबाईल लावला, तर आकडे एकदम उतरलेले. निळा, निळा, सगळीकडे निळा. आता कळतं — त्या दिवसांत तपासायला गेलं कोण होतं? माणसं घरावरची कौलं शोधत होती. पण मला पाणी उतरताना दिसलं. मी कुंपणाशी उभी राहून सगळ्यांना सांगितलं, ओहोटी लागली.

त्याच आठवड्यात सुलू खाली आली. नेसून तयार, पिशवीत आधार कार्ड. आशाताईने तिला पटवलं होतं. म्हणाली, “वयनी, शाळेत आज लस आहे. जाऊ काय? चल तूपण, दोघी जाऊ. एकटीला भ्या वाटतं.”

इथे मी तीन दिवस अडले होते. लिहिते.

ती तयार होती. तिने फक्त माझ्याकडे बघितलं, नेहमी बघते तसं. आणि माझ्या मनात काय आलं? ही मला सोबत नेणार. तिथे टेबलावर मुलगी बसलेली असेल, आधार कार्ड घेईल, आणि सगळ्यांसमोर म्हणेल, आजी, तुमची एक झालीय की. एवढंच आलं मनात. सुलूचं काही आलं नाही.

मी कॅलेंडरकडे बोट केलं. म्हटलं, “ओहोटी लागलीय गो. घाई कशाला? आपलीवाली येऊ दे, मग दोघी जाऊ.”

“बरं,” म्हणाली. पिशवी खुंटीला लावली, पदर खोचला आणि माझ्याबरोबर कोकमं फोडायला बसली. हात लाल होईपर्यंत आम्ही गप्पा मारल्या. काय हसलो त्या दिवशी. तो दिवस फार छान गेला, हेच मला सहन होत नाही.

महिना पुरा व्हायच्या आत तिला ताप आला. दीर मुंबईत नोकरीला, तिथेच अडकलेले. घरात ती एकटी. मी पेज घेऊन पाखाडी चढायला लागले, तर तिने खिडकीतून मला थांबवलं. आवाज बसलेला, तरी ओरडली — “तिथेच राहा वयनी! तू सुई नाय घेतलीस. माझ्या वाऱ्याला उभी राहू नको.”

आणि मी थांबले.

ऐकताय ना? ती माझ्या तापात उशाशी बसली होती, काहीच घेतलेलं नसताना. मी घेतलेली, आणि मी थांबले. वर जायचं तर एकच वाक्य बोलावं लागलं असतं. ते बोलले नाही. पेजेचा टोप सत्तराव्या पायरीवर ठेवायची आणि खाली यायची. मग ती भिंत धरून उतरायची, टोप उचलायची, पायरीवर बसून दम घ्यायची, पुन्हा चढायची. हे मी खालून माझ्या ओट्यावरून बघायची. पाच दिवस. सहाव्या दिवशी टोप तसाच राहिला. तिला न्यायला गाडी आली तेव्हा तिने माझ्याकडे बघून हात हलवला, म्हणजे जा आत, जा.

बरेच आठवडे ऑक्सिजनवर होती. परत आली. तो दिवस मी विसरणार नाही — देव पावला. पण छाती गेली. एका सुईने फरक पडला असता की नसता, कोण सांगणार? — हा प्रश्न मी इतकी वर्षं पोटाशी धरून झोपले. आज तो खाली ठेवते.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आम्ही दोघी जाऊन लस घेऊन आलो. ती बाहेरची होती की आपली, तिने विचारलंसुद्धा नाही. माझा दुसरा डोस होता. टेबलापाशी तिला आधी पुढे केलं, आणि माझा पहिलाच म्हणून सांगितलं.

आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगते. आम्ही दोघी थांबलो होतो, वयनी माझ्यासोबत थांबली. आजाराने मला धरलं, तिला सोडलं. मग माझ्या हातावर हात ठेवते आणि म्हणते, तुला सोडलं ते बरं झालं गो, तुझं वय जास्त. असं म्हणते. मी चहाचे कप उचलते आणि आत जाते.

अजून एक आहे. हे लिहीन असं वाटलं नव्हतं. दिनेशने माझं नाव घातलं तेव्हा तो म्हणाला होता, “आई, दोन जागा दिसतायत. काकीचंपण घालू?” विचार करायलासुद्धा थांबले नाही मी. म्हटलं, तिला नकोय. तिला मी विचारलं नव्हतं. काकीला मी सांगेन, तू काही बोलू नको, असंही वर म्हटलं. तो मुलगा माझा, त्याने ऐकलं. दोन नावं घालता आली असती. मी एक सांगितलं.

अक्षर मोठं काढलंय ते सुलूसाठी. चष्मा लावूनही तिला बारीक दिसत नाही. बोट ठेवून ठेवून वाचते, ओळ संपली की मान वर करते. ही पानं आधी ती वाचेल, मग तुमच्याकडे येतील. ती काय म्हणेल, मला ठाऊक नाही. गेले तीन दिवस तिचं उत्तर मीच तिच्या वतीने मनात देत होते — तेही आता बंद केलं. तिच्या वतीने मी पुष्कळ बोलून झाले आहे.

तिला आता कुकारा घालता येत नाही. श्वास पुरत नाही. काही हवं असलं की स्टीलची ताटली घेते आणि चमच्याने वाजवते. एकदा म्हणजे जागी आहेस ना. दोनदा म्हणजे चहा ठेवलाय, ये.

आत्ता दोनदा वाजली. मी वही बंद करून काखेत घेतली होती, पुन्हा उघडून हे शेवटचं उभ्यानेच लिहिते आहे. दारात येऊन मी तिला ओ दिली. माझी अजून वरपर्यंत पोचते.