टेबलाखालची गोष्ट

"वाईच सरका, वाईच!" खाला हे दिवसातून कितीदा म्हणत, देव जाणे. नवं मूल दारात दिसलं की बसलेल्या मुलांना हाताने हलकेच सारून त्या सतरंजीवर जागा करत आणि त्या जागेवर थोपटत. मूल आलं तर आलं. नाही आलं तर जागा तशीच मोकळी राही.

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल. आम्हाला सौदीतल्या यान्बूत भेटलं. मूळच्या रत्नागिरीकडच्या या बाई आमच्याच वसाहतीत राहत आणि घराच्या पुढच्या खोलीत रिफायनरीतल्या लोकांची लहान मुलं सांभाळत. मल्याळी, इजिप्तची मिसरी, पुणेरी, सगळी. मुलांची ती खाला, म्हणजे मावशी, म्हणून आम्हा मोठ्यांचीही.

माझी मुलगी चार वर्षांची होती आणि बोलत नव्हती. दोन बालवाड्यांनी तिला गोड शब्दांत परत पाठवलं होतं. इथेही जमलं नाही तर ती आणि तिची आई नाशिकला जाणार, मी एकटा इथे राहणार, असं आम्ही ठरवलं होतं. मी ते खालांना सांगून टाकलं.

"तिकिटं काढलीस काय, भाऊ?"

"अजून नाही."

"मग ऱ्हाव दे."

पहिल्या दिवशी मुलगी टेबलाखाली शिरली ती बाहेर येईचना. आवाज वाढला की कान झाकून किंचाळे. आठवडाभराने तिला घ्यायला गेलो तर खोलीत कुणीच दिसेना. टेबलांवरून चादरी सोडलेल्या होत्या आणि त्यांच्या आड अख्खा वर्ग पोटावर पडून, कुजबुजत सांगितलेली गोष्ट ऐकत होता. माझी मुलगी मधोमध. खालांचे पाय तेवढे बाहेर.

माझ्यामागून आणखी एक वडील आले, पुण्याचे, चांगले जाडजूड गृहस्थ. ते चिडले. "खाला, हे काय? आमची मुलं तिचं बघून हेच शिकणार. तिला वेगळं बसवा." मी दारातच खाली मान घालून उभा राहिलो. मला नाशिकचं विमान दिसू लागलं.

चादरीतून खालांचं डोकं बाहेर आलं. "शिकतात तर! कुणी लपला तर त्याच्यापाशी कसा जायचा, ता शिकतात. तू पण ये की. पोट आडवा येल, पण पोरं करतील जागा."

मुलं खिदळली. त्या गृहस्थांचाच मुलगा आतून दबक्या आवाजात म्हणाला, "पपा, कम ना! बट स्लोली. शी डझंट लाइक नॉइज."

गृहस्थ गुडघ्यांवर बसले. पुढे त्यांनी कधी तक्रार केली नाही.

चमत्कार झाला नाही. मुलगी आजही मोजकंच बोलते. पण ती उन्हाळ्याच्या आत आपणहून टेबलाखालून बाहेर आली, आणि तिकिटं काढायची वेळ आली नाही. मी आभार मानू लागलो की खाला हात झटकत, "खलास, झाला!"

गेल्या महिन्यात त्या सुट्टीवर गावी गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यांचे यजमानही तिकडेच आहेत. इथल्या घराला कुलूप आहे.

परवा संध्याकाळी आम्ही त्या घरावरून चाललो होतो. मुलीने माझा हात सोडला, पायरीपाशी जाऊन बूट काढले, बंद दाराशी नीट जोडून ठेवले आणि ती बसली.

"खाला नाहीत गं आता," मी म्हणालो.

ती हलली नाही. तिच्या आईने चपला काढल्या आणि ती तिच्याशेजारी बसली. मग मीही. पायरी अजून दिवसभराच्या उन्हाने तापलेली होती. आम्ही तिघं कितीतरी वेळ तिथे बसून होतो.