सरांचा चार्ज संपत आला

मीच सांगून टाकतो बाप्पा, नाईतर तुम्हाले दुसऱ्या कोणाकडून कळन अन् तो मीठमिरची लावून सांगन.

मी इंग्रजीचा मास्तर, कारंज्याजवळच्या खेड्यातल्या शाळेत. हे झालं त्याच आठवड्यात पोरांले 'चार्ज' शब्द शिकवला होता. फोनचा चार्ज, पोलिसांचा लाठीचार्ज, दवाखान्यातला डिस्चार्ज, सिमचं रिचार्ज, ऑफिसातला इनचार्ज. "मागचंपुढचं पाहून अर्थ लावत जा रे," हेही सांगितलं होतं.

तर आमचे हेडमास्तर ढोले सर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिने सुटीवर जाणार होते. तोवर शाळेचा चार्ज कोणाले? मले, नाईतर वानखडे मॅडमले. मले तो लय पाहिजे होता, खोटं काऊन बोलू? माहे सासरे पिपरी मेघेले राहतात अन् दर दिवाळीले विचारतात, "जावईबुवा, अजून मास्तरच काय?"

सुटीवर जायच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, सरांचा फोन आला.

"राऊत, माहा चार्ज संपत आला."

"हो जी सर."

"तुमचं न माहं एकच आहे, म्हून तुम्हालेच सांगून राह्यलो. मॅडमचं काही चालत नाई. उद्या दहाच्या आत येजा अन् आठवणीनं..."

फोन कटला. परत लावला तर बंद. मले वाटलं, सरांचं मन भरून आलं असन.

बायकोले म्हटलं, "चार्ज भेटला." तिनं लगेच माहेरी फोन लावला. सासरे जन्मात पहिल्यांदा मले 'राऊत साहेब' म्हणाले. सिंदी मेघेहून बायकोच्या बहिणीचाही फोन आला. बायकोनं लग्नातला ब्लेझर काढला अन् म्हणाली, "साहेब माणसानं रिकाम्या हातानं जाऊ नाई."

आता पेढेवाल्याचं दुकान उघडते साडेनऊले. शाळेत पोचायले मले सव्वादहा झाले. त्या उन्हात ब्लेझर घालून, घामानं निथळत. फाटकातच शिपायाले विचारलं, "घंटा टाइमावर वाजली ना?" तो मले वरून खालपर्यंत पाहत राह्यला.

सर वऱ्हांड्यातच उभे होते.

"राऊत, आणलं काय?"

मी पुडा समोर केला. "आणले जी. अर्धा किलो."

"पेढ्यानं फोन चालते काय? चार्जर कुठं आहे?"

"कोणतं चार्जर?"

"अहो, माहं चार्जर उंदरानं कुरतडलं. साऱ्या शाळेत जुन्या पिनचे फोन तुमचा अन् माहा. मॅडमचं चार्जर याले लागतच नाई. दहाले केंद्रप्रमुख साहेबाचा फोन येणार होता, चार्ज कोणाले द्यायचा ते विचारायले. मी तुमचं नाव सांगणार होतो."

मी म्हटलं, "आता लावू जी, माह्या फोनवरून लावू," अन् खिसे चाचपले. फोन सापडेपर्यंत वर्गातून वानखडे मॅडम आल्या.

"सर, तुमचा फोन लागत नव्हता म्हून साहेबाचा मले आलता. म्हणाले, चार्ज तुम्हीच घ्या. मी हो म्हटलं."

मग त्यांचं लक्ष माह्या हाताकडे गेलं, मग ब्लेझरकडे.

"अगं बाई, पेढे? राऊत सर, तुम्हाले कसं माईत झालं?"

आता काय सांगता? मी म्हटलं, "काल संध्याकाळीच सरांचा फोन आलता." अन् पहिला पेढा मीच त्यांच्या हातावर ठेवला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. माह्याही आलं, पण ते वेगळं होतं.

घरी आलो तर सासऱ्यांचे चार फोन येऊन गेलते. एकही उचलला नाई. पाचवा बायकोनंच उचलून माह्या कानाले लावला.

"काय राऊत साहेब, सकाळपासून फोन काऊन उचलत नाई?"

मी म्हटलं, "मामाजी, चार्ज नाई."