डिक्कीतली बॅटरी

दारव्हा रोडवरचं आमचं गॅरेज बंद होऊन बरीच वर्षं झाली. पण जुने लोक भेटले की कोणीतरी म्हणतंच, "अबे, त्या काळ्या गाडीचं सांग ना!" मी एक किस्सा सांगायला घेतो, त्याला लटकून दुसरा येतो, आणि तिसरा कोणीतरी मधेच घुसून सांगतो. तोही चुकीचा! म्हणून म्हटलं, एकदा आपणच नीट सांगून टाकावं.

गॅरेज बब्बूमिस्त्रींचं. इंजिनाचं काम ते करत, वायरिंगचं मी. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं अशी ती वर्षं. यवतमाळातल्या जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरण्या, एकामागून एक बंद पडत होत्या. कापसाचे ट्रक नाहीत, मेटॅडोर नाहीत, मग आम्हाला तरी काम कुठलं? नाहीतर एका बॅटरीवर इतके दिवस कोण घालवतं!

गाडी नामदेवरावांची. म्हणजे आधी शेठजींची. नामदेवराव त्यांचे वीस वर्षांपासूनचे ड्रायव्हर. जिनिंगला कुलूप लावून शेठजी नागपूरला मुलाकडे राहायला गेले, तेव्हा किल्ली नामदेवरावांच्या हातात देऊन म्हणाले, "गाडी तूच ठेव. फक्त मी येईन तेव्हा हिच्यातच घ्यायले ये." झालं! गाडी चालती ठेवणं हे नामदेवरावांचं व्रतच होऊन बसलं. आणि "शेठजी बसले असतानी गाडी वीस वर्षांत एकडाव बंद पडली नाही," हे वाक्य आम्हाला दिवसातून तीनदा ऐकावं लागे.

* * *

तर झालं असं, की जुन्या मापाची बॅटरी बाजारात मिळेना. नवी बोनेटखाली मावेना, आणि तिथला पत्राही ॲसिडनं खाल्लेला. मी म्हटलं, "डिक्कीत ठेवू. तिथून पुढपर्यंत लांब केबल टाकू."

बब्बूमिस्त्रींनी कानाला हात लावले. "अरे भाई, दिल छाती में रहता. डिक्की में रखेगा क्या?"

नामदेवराव दोन दिवस गॅरेजकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते निर्णय घेऊनच. "ठेवा डिक्कीत. पण कोणाले सांगू नका बाप्पा. लोक म्हणतीन, शेठजीच्या गाडीचं ऑपरेशन झालं!"

* * *

केबल टाकली, बॅटरी बसवली, किल्ली फिरवली. टक्! पुन्हा फिरवली. टक्!

कारण मला ठाऊक होतं. बॅटरीची एक तार गाडीच्या पत्र्याला कसावी लागते, तिला आम्ही 'अर्थ' म्हणतो. ती रंगावर कसून चालत नाही, रंग खरवडून पत्रा उघडा करावा लागतो. आणि नामदेवराव माझ्या हातातून पॉलिश पेपर हिसकून घेत होते. "शेठजीचा कलर हाय तो! हात नको लावू!"

शेजारच्या शाळेत मेश्राम गुरुजी मराठी शिकवत. मधल्या सुट्टीत चहाला आमच्याकडेच येत. ही ओढाताण पाहून त्यांनी विचारलं, "काय झालं रे?"

मी वैतागून म्हटलं, "काही नाही गुरुजी. सगळं जागच्या जागी हाय, फक्त अर्थ लागून नाही राह्यला!"

गुरुजींनी कपबशी खाली ठेवली. "तीस वर्षं झाली, माह्या पोरांचंबी तेच हाय."

शेवटी रुपयाएवढा रंग नामदेवरावांनी स्वतःच खरवडला. तोही तोंड फिरवून.

* * *

पुढच्याच महिन्यात नामदेवराव बायकोला घेऊन पुसदला लग्नाला गेले. कपड्यांची पिशवी डिक्कीत, बॅटरीला खेटून. लग्न छान झालं. मात्र घरी आल्यावर वहिनींनी लुगडं धुवायला काढलं, तर ॲसिडनं त्याची चाळणी झालेली!

वहिनी तडक गॅरेजात आल्या. सगळ्यांसमोर लुगडं पसरलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बॅटरी ठेवली डिक्कीत. मंग माह्यं लुगडं का बोनटात ठेवू?"

मी पान्हा शोधायच्या निमित्तानं खाली वाकलो. बब्बूमिस्त्री मात्र शांतपणे म्हणाले, "रख सकते भाभी. अब तो वहाँ जगा खाली है."

वहिनींकडून रोज येणारा चहा त्या दिवशी आम्हाला मिळाला नाही. संध्याकाळपर्यंत मी बॅटरीला झाकणाची सागवानी पेटी करून दिली, वाफ बाहेर जायला खालून नळीही काढली.

* * *

एकदा बाभुळगावला गाडी गरम झाली म्हणून नामदेवराव बोनेट उघडं टाकून चहाला गेले. येऊन पाहतात तो गाडीभोवती ही गर्दी!

"भौ, तुमची बॅटरी चोरली न कोणी!"

कोणी हळहळतंय, कोणी चोराला शिव्या घालतंय. दोघेजण तर सायकली काढून स्टँडकडे शोधायलाही गेले होते. कोणाकोणाला समजावणार? नामदेवरावांनी मुकाट्यानं बोनेट लावलं, किल्ली फिरवली आणि हात हलवून निघून आले.

आठ दिवसांनी बाभुळगावचा एकजण आमच्याकडे जीप घेऊन हजर. "मिस्त्री, त्या काळ्या गाडीवाणी आमचीबी बॅटरी काढून टाका. दर दोन वर्षाले बदलाची कटकट कायले पायजे?"

* * *

बब्बूमिस्त्री आता नाहीत. गुरुजीही गेले. खरं सांगतो, हाताला काम नव्हतं, तरी इतके सुखाचे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. त्यातला एक दिवस तर मी अजून कोणाला धड सांगू शकलेलो नाही.

शेठजींचा फोन आला. जिनिंगची जागा विकली गेली होती, सही करायला ते येणार होते. नामदेवराव आठवडाभर गाडी पुसत राहिले. मला म्हणाले, "तू पुढं बस माह्याजवळ. शेठजी असतानी बंद पडली तर मी तोंड नाही दाखवू शकत."

शेठजी एसटीतून उतरले. ते पाहूनच नामदेवरावांचे डोळे भरले. शेठजी मागच्या सीटवर आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात बसले आणि म्हणाले, "जिनिंगवर नको थांबवू नामदेव. सरळ कचेरीत घे. पाहाले काय राह्यलं तिथं?"

सीटच्या कडेला मी बसवलेला एक खटका होता. तो त्यांना दिसला. "हे काय रे?" मी कौतुकानं सांगितलं, बॅटरी मागे आहे, काही जळायला लागलं तर हा खाली करायचा, सगळ्या गाडीचा करंट बंद.

"असं काय," शेठजी म्हणाले.

कचेरीचा रस्ता जिनिंगवरूनच जातो. गेट आलं तशी नामदेवरावांनी सवयीनं गाडी हळू केली. मी मागे वळून बसलो होतो. शेठजींचा हात सीटच्या कडेला गेला. गाडी बंद.

"बंद पडली का रे?" शेठजी खिडकीबाहेर पाहत म्हणाले.

मी तोंड उघडणार, तोच नामदेवरावांनी माझा गुडघा दाबला.

"हो शेठजी, पडली बंद. टाइम लागन. तुम्ही उतरा वाटल्यास."

शेठजी उतरले आणि गेटचे गज धरून उभे राहिले. नामदेवरावांनी बोनेट उघडलं आणि आत वाकले. तासभर. रस्त्यानं जाणारे ओळखीचे लोक विचारत, "काय नामदेवराव, बंद पडली का शेवटी?" ते मान वर न करता म्हणत, "पडली बाप्पा."

शेठजी परत येऊन बसले. मागे खट् असा आवाज झाला. नामदेवरावांनी बोनेट लावलं, किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू.

"काय झालतं रे?" शेठजींनी विचारलं.

"कचरा अडकलता शेठजी."

शेठजी चष्मा पुसत होते. "निघाला?"

नामदेवरावांनी गिअर टाकला. "तो पुरा नाही निघत शेठजी."