शाल, श्रीफळ आणि माझा आक्षेप

खांद्यावर शाल पडली तेव्हा माझं पहिलं वाक्य अर्धंच झालं होतं. "या विस्ताराला माझा..." एवढंच बोलले, तोवर टाळ्या सुरू झाल्या. हातात नारळ आला. कुणीतरी मला दंडाला धरून फोटोग्राफरकडे वळवलं. माइक माझ्या हातातून निवेदकाच्या हातात कधी गेला ते कळलंही नाही.

"औष्णिक वीजनिर्मितीसाठी ज्यांनी आयुष्य वेचलं," निवेदक गरजत होता, "त्या शैलजाताईंचा हा सत्कार कंपनीच्या वतीनं..."

ईरा, निशांत, तुम्ही विचारलंत की पेपरात आजीचा हसरा फोटो आला आणि आजी एवढी का चिडली. पहिली गोष्ट, मी हसत नव्हते. समोरून ऊन येत होतं म्हणून डोळे बारीक केले होते. दुसरी गोष्ट फोनवर नीट सांगता आली नाही, म्हणून लिहिते आहे. आमच्या कामातले शब्द उलगडून सांगेन.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. नोकरीची बहुतेक वर्षं कोळशाच्या वीज केंद्रात गेली. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेनं टर्बाइन फिरवायचं, त्यातून वीज. त्या कामाची मला लाज वाटत नाही. तेव्हा एवढ्या विजेला आमच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. आज आहे. तो समोर दिसत असताना पुन्हा कोळशाचीच चूल पेटवणाऱ्यांचा मला राग येतो.

शहराबाहेर एका कारखान्याचं स्वतःचं असं वीजघर आहे. त्याला कॅप्टिव्ह प्लांट म्हणतात. म्हणजे घरची वीज घरीच करायची, तीही कोळशावर. कारखान्याला शेजारीच दुसरं युनिट उभारायचं होतं. अशा वेळी जनसुनावणी घ्यावी लागते. लोकांनी सगळ्यांसमोर आक्षेप सांगायचे, अधिकाऱ्यांनी ते लिहून घ्यायचे आणि शेवटी तो वृत्तांत लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा. परवानगी देणारी समिती दूर कुठंतरी बसते. तिच्यापुढे तो वृत्तांत जातो. त्यात जे नाही, ते कुणी बोललंच नाही असं धरलं जातं.

कोळशाऐवजी सौर आणि पवन वीज यावी म्हणून काम करणारा एक गट आपल्या शहरात आहे. उस्मानपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं एका खोलीचं ऑफिस. अनघा नावाची वकील ते चालवते. तिला तांत्रिक बाजू मांडणारं कुणीतरी हवं होतं. मी गेले, तर तिथं जुलेखाबी बसल्या होत्या. मांडीवर स्टीलचा डबा.

डब्याचं झाकण काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. "मॅडम, ह्याला रंग कोंचा म्हनायचा?"

आत शेवया होत्या. करड्या.

जुलेखाबी त्या वीजघराच्या शेजारच्या गावातल्या. त्यांचा बायकांचा गट शेवया करतो. उन्हाळ्यात घराघरांतल्या सालभराच्या शेवया, रमजानच्या आधी शीरखुर्म्याच्या. अंगणात बाजा टाकायच्या, त्यांवर धुतलेल्या चादरी, चादरींवर शेवया.

"पयलं युनिट आलं तवापासून गिऱ्हाईक म्हनतंय, जुलेखाबी, शेवया धुऊन द्या," त्या म्हणाल्या. "शेवया धुतात व्हय कुठं? आता दुसरं आलं तर आम्ही काय वाळवायचं, राख?"

मी गावात जाऊन आले. सकाळी बाजेवर बोट फिरवलं की काळं होत होतं. चिमणीला ईएसपी नावाची पेटी असते. ती विजेच्या जोरावर धुरातली राख पकडते. तिचे भाग असतात, त्यांना फिल्ड म्हणतात. एखाद-दोन फिल्ड रात्री बंद ठेवल्या की वीज वाचते आणि राख अंधारात निघून जाते. दिवसा तपासायला येणाऱ्याला चिमणी स्वच्छ दिसते. ही हुशारी मला नोकरीपासून माहीत आहे, ती करणाऱ्यांशी मी तेव्हाही भांडले होते. गावातल्या लोकांना मी एवढंच विचारलं, "दिवसा धूर कसा दिसतो?" एक म्हातारे म्हणाले, "दिवसा एकदम शरीफ. रात्री बदमाश."

कंपनीनं आपल्या अहवालात लिहिलं होतं की सौर वीज शक्य नाही, जागा नाही. त्याच अहवालात नव्या युनिटची राख साठवायला मोठा तलाव दाखवला होता. राखेला जागा होती, पॅनेलना नव्हती! कारखान्याच्या शेडची छपरं तर हिशेबातच घेतली नव्हती. मी आणि अनघानं पर्याय तयार केला. दिवसाची जमेल तेवढी वीज छपरांवरून आणि त्या तलावाच्या जागेवरून घ्या. संध्याकाळसाठी बॅटरी ठेवा. उरलेली वीज ओपन अॅक्सेसनं आणा. म्हणजे दुसरीकडच्या पवनचक्क्यांची आणि सौर प्रकल्पांची वीज विकत घ्यायची आणि ती ग्रिडच्या तारांवरून कारखान्यापर्यंत यायची. दुसरं युनिट बांधायचंच नाही. आणि पहिल्याच्या ईएसपीवर रात्रीही नजर ठेवायची.

हे सगळं मला सुनावणीत बोलायचं होतं. बोलायला मिळालं "या विस्ताराला माझा".

सत्काराची कल्पना कुणाची, ते शाल अंगावर आली तेव्हाच ओळखलं. पहिल्या रांगेत टाकळकर साहेब बसले होते. कधीकाळी माझे वरिष्ठ, आता कंपनीचे सल्लागार. ते मनापासून टाळ्या वाजवत होते.

मी माइककडे वळले. निवेदक म्हणाला, "धन्यवाद ताई! पुढचं नाव..."

मी व्यासपीठावरच्या अध्यक्षांना म्हटलं, "साहेब, माझं बोलणं व्हायचंय."

ते अधिकारी तरुण होते, घामाघूम झालेले. "मॅडम, तुमचं नाव पुकारलं, तुम्ही आलात. अजून बरीच नावं आहेत."

"मी आले आक्षेप घ्यायला. नारळ घ्यायला नाही."

लोक हसले. पण पुढचा माणूस माइकवर येऊन उभा राहिला होता. मी खाली उतरले.

टाकळकर साहेबांनी शेजारची खुर्ची माझ्यासाठी सरकवली. "शैलजाबाई, बसा. शाल छान दिसतेय."

"साहेब, तुम्ही माझं तोंड बंद केलंत."

"अहो, मान दिला तुम्हाला! नोकरीत असताना कुणी दिला होता का?"

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. तिथं असताना माझ्या सूचना मीटिंगमध्ये चहाबरोबर गिळल्या जायच्या. आता शालीखाली झाकल्या जाणार होत्या.

"आणि रात्री काय करणार हो?" ते हळूच म्हणाले. "सूर्य कुठून आणणार?"

"त्याचं उत्तर माझ्या भाषणात होतं," मी म्हटलं. "तुम्ही ऐकू दिलं असतं तर कळलं असतं."

मग जुलेखाबींचं नाव आलं. डबा घेऊन त्या माइकपाशी गेल्या. त्यांना शाल नव्हती. त्यामुळे त्यांना निदान बोलता तरी आलं.

"आमच्या बाजांवर राख पडती," त्या म्हणाल्या. "साहेब लोक म्हनत्यात ती रस्त्याची धूळ हाय. मंग रस्ता रात्रीच चालतो का? आमाला दुसरं युनिट नको. पयल्याची राख बंद करा. मला बाकी काय मागायचं नाय."

डबा त्यांनी अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला. एका अधिकाऱ्यानं तो अदबीनं बाजूला सरकवला, पाण्याच्या बाटल्यांच्या मागे.

शेवटचं नाव झालं आणि निवेदकाचा आवाज एकदम गोड झाला. "कंपनीच्या वतीनं सर्व ग्रामस्थांसाठी मागच्या मांडवात भोजनाची व्यवस्था केलेली आहे. तरी कुणीही जेवल्याशिवाय जाऊ नये!"

पुऱ्या तळल्याचा वास केव्हाचा येत होता. माणसं सकाळपासून बसलेली. सुनावणीचा मांडव रिकामा झाला. खुर्च्या उरल्या, आणि अनघा, मी आणि जुलेखाबी. व्यासपीठावर टाकळकर साहेब लिहून घेणाऱ्या माणसाच्या खुर्चीमागे उभे राहून त्याला वाक्यं सुचवत होते, अगदी प्रेमानं.

अनघा दातओठ खात म्हणाली, "मॅडम, आता हे रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवतील. कुणी हरकत घेणार नाही. सह्या होतील आणि संपलं."

मी व्यासपीठावर गेले. नारळ टेबलावर ठेवला. जरा जोरातच ठेवला.

"वृत्तांत लोकांना वाचून दाखवायचा असतो ना, साहेब?"

"हो मॅडम, वाचणारच आहोत. पण लोक आहेत कुठं?"

"पुरीच्या लायनीत. तिथं वाचा."

टाकळकर साहेब हसले. "शैलजाबाई, लोकांना चार घास सुखानं खाऊ द्या. जेवणाच्या मांडवात कुठं सरकारी काम होतं?"

"जेवण कंपनीनं ठेवलंय, साहेब. सुनावणी चालू असताना ठेवलंय. माझा काय दोष?" मग अध्यक्षांकडे वळले. "तुम्ही इथं वाचलंत तर मी लेखी देईन की ऐकायला माणूस नव्हता. तिथं वाचलंत तर मी शांत बसेन."

शांत बसेन हे मी खोटंच बोलले. त्या तरुण अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, टाकळकर साहेबांकडे पाहिलं, बाटल्यांमागच्या डब्याकडे पाहिलं. मग उठला. "चला," म्हणाला. तेवढ्यासाठी त्याला शंभर गुण.

मागच्या मांडवात वाढप्यांना हाका मारायला एक माइक होता. वृत्तांत लिहिणारा माणूस त्यावर वाचू लागला. एका हातात पुरी, दुसऱ्या हातात ताट धरून गाव ऐकू लागलं.

"निवृत्त अभियंता श्रीमती शैलजाताई यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आला. त्यांनी आपले मनोगत व्यक्त केले."

"मनोगत?" कुणीतरी ओरडलं. "ओ भाऊ, बाई तर भांडायला उठली होती!"

"बोलूच कुठं दिलं तिला? नारळच दिला डायरेक्ट!"

वाचणारा अडखळला. अध्यक्ष म्हणाले, "पुढचं वाचा."

"श्रीमती जुलेखाबी यांनी शेवया उद्योगास कंपनीने सहकार्य करावे, अशी विनंती केली."

जुलेखाबींनी अजून ताट घेतलं नव्हतं. त्या सरळ माइकपाशी गेल्या. "या अल्ला! सहकार्य? मी कवा मागितलं? मी म्हनलं राख बंद करा. दुसरं युनिट नको म्हनलं. एवढ्या मानसांनी ऐकलं. ऐकलं का नाय रे?"

"व्हय, व्हय!" सगळा मांडव म्हणाला. मागून एक बाई म्हणाली, "लिव्हा साहेब, नाय तर बुंदी आमच्या घशाखाली उतरायची नाय."

अध्यक्षांनी पेन काढलं. ती दोन वाक्यं खोडली. "मॅडम, बोला. काय लिहू?"

मग मी बोलले. पुरी-भाजीच्या वासात, वाढप्यांच्या बादल्यांच्या आवाजात, सगळं बोलले. राखेचा तलाव, शेडची छपरं, रात्री बंद ठेवल्या जाणाऱ्या फिल्ड. टाकळकर साहेबांच्या प्रश्नाचं उत्तरही दिलं, त्यांच्याकडे बघून. रात्री वारा असतो, बॅटरी असते, ग्रिड असतो. रात्री फक्त एकच गोष्ट नसते, ती म्हणजे तपासायला येणारा माणूस. गाव हसलं. साहेब हसले नाहीत. वृत्तांत पुन्हा वाचला गेला, अनघानं आणि मी शब्द न् शब्द ऐकला. मग सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, शाल-नारळासह. खाली ओळ होती, "जनसुनावणी उत्साहात, ज्येष्ठ अभियंत्यांच्या शुभेच्छा." माझा राग त्यासाठी होता. मी पेपरला खुलासा पाठवला. तो छापला, आतल्या पानावर, माझ्या बोटाच्या नखाएवढ्या जागेत.

निकाल सांगते. समितीनं परवानगी नाकारली नाही. सौर-पवनचा पर्याय का नाही, याचा पुन्हा अभ्यास करून या, असं सांगून फाइल परत पाठवली. कारण वृत्तांतात ते लिहिलेलं होतं. दुसरं युनिट अजून उभं राहिलेलं नाही. कंपनीनं दरम्यान शेडच्या छपरांवर पॅनेल बसवायला घेतली आहेत. जिथं शक्यच नव्हतं असं म्हणत होते, तिथंच. उद्घाटनाला प्रमुख पाहुणी म्हणून मला बोलावणं आलं. टाकळकर साहेबांचाच फोन होता.

"येईन," मी म्हटलं. "पण आधी भाषण, मग शाल."

पुन्हा फोन आला नाही.

पहिल्या युनिटची राख अजून पडते. थोडी कमी, पण पडते. रात्री ईएसपी बघायला कुणी जात नाही. अनघाचे अर्ज चालू आहेत, माझी टिपणं चालू आहेत. जुलेखाबी बाजांवर मच्छरदाण्या लावून शेवया वाळवतात. बघणाऱ्याला त्याचं हसू आलं, तरी त्यांना येत नाही.

मी नोकरीत जे शिकले नाही ते त्या मांडवात शिकले. कुणी आपला सत्कार करायला उठलं, की आधी माइक घट्ट धरायचा.

या महिन्याच्या पार्सलमध्ये त्यांच्या शेवया पाठवते आहे. दुधात घालण्याआधी पांढऱ्या कागदावर झटकून बघा. काळं काही पडलं, तर त्या शेवया खाऊ नका. कागदाचा फोटो काढून मला पाठवा. फाइल पुन्हा वर येईल तेव्हा लागेल.