बोक्याचा कोट

आमच्या घराखाली, रस्त्याला लागून एक खोली आहे. ते टेलरताईंचं दुकान. दुकान म्हणजे खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला उंच आरसा, कात्रणांनी फुगलेली एक पिशवी आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा. ताई फक्त बायकांचे कपडे शिवतात. पुरुषांच्या कपड्यांना त्यांनी उभ्या जन्मात हात लावलेला नाही. "त्यांच्यात शिवण्यासारखं असतं काय? चार नळ्या आणि खिसे," असं त्यांचं मत.

माप घ्यायची त्यांची एक रीत आहे. टेप गळ्यातच ठेवून त्या आधी गप्पा काढतात. पोरीचा अभ्यास कसा चाललाय, सासूबाईंचा गुडघा काय म्हणतो. टेप हातात दिसली की बायका पोट आत ओढतात आणि तसा शिवलेला कपडा दुसऱ्या दिवशी जेवणानंतर उसवतो, हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं. गिऱ्हाईक बोलण्यात रंगलं की टेप कमरेभोवती कधी फिरून आली ते कळतही नाही. मी एकदा तरीही पोट धरून उभी राहिले, तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, सोडा श्वास. कपडा तुम्हाला घालायचाय, तुमच्या लग्नातल्या फोटोला नाही."

उन्हाळ्याच्या शेवटी ताई दुकानाच्या पायरीवरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांशी बोलेनाशी झाली. सुई निसटायची, कात्री जड वाटायची. दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं ते तिथेच राहिलं. मुलगा आईला जपणारा. "आई, खूप केलंस. आता निवांत बस," म्हणाला आणि मशीन ताईंच्या एका भाचीला द्यायचं त्याने ठरवून टाकलं. ती नुकतीच शिवण शिकायला लागली होती. ताईंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मशीनवरचं कापडी झाकण मात्र त्या रोज झटकायच्या.

सकाळी नदीकाठी फिरायला आम्ही तिघं जातो. मी, ताई आणि मीटरकाका. काकांनी नोकरीभर घरोघरचे विजेचे मीटर वाचले आणि आवारा-आवारातल्या कुत्र्यांच्या शिव्या खाल्ल्या. निवृत्त झाल्यावर हौसेने कुत्राच पाळला आणि त्याचं नाव ठेवलं 'साहेब'. "इतकी वर्षं साहेब मला फिरवत होता, आता मी साहेबाला फिरवतो," हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. आमच्या कुत्र्याचं नाव बोका. दिवसभर खिडकीत बसून रस्ता बघतो म्हणून ह्यांनी ठेवलेलं. ताईंकडे कुत्रा नाही, पण फाटकाशी सगळ्यात आधी त्याच हजर असतात.

बोका आता म्हातारा झालाय. यंदा थंडी पडली तसा तो फिरताना थरथरायला लागला. एका सकाळी ताई त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "याला कोट शिवते."

माझी नजर नकळत त्यांच्या मनगटावर गेली.

"बघताय काय? कुत्र्याचं गिऱ्हाईक बरं. काखेत टोचलं तरी कपडा परत आणून देत नाही."

त्याच दुपारी वर येऊन त्यांनी सतरंजीवर झोपलेल्या बोक्याचं माप घेतलं. "हा एकटाच निघाला, पोट आत न ओढणारा," म्हणाल्या. येत्या रविवारी भाची टेम्पो घेऊन मशीन न्यायला येणार होती. हा कोट कशासाठी शिवला जातोय ते मला कळलं होतं. त्यानंतर खालून अधूनमधून मशीनचा आवाज यायचा. जरा चालायचं, थांबायचं, बराच वेळ थांबायचं, पुन्हा चालायचं.

रविवारी सकाळी इतकं धुकं होतं की नदीचा पलीकडचा काठ गायबच झाला होता. ताईंनी कोट आणला. करड्या लोकरीचा, आतून फुलाफुलांचं अस्तर, पाठीवर बटणं. बोक्याला कंबर कुठे आहे हे आम्हाला आजवर सापडलेलं नाही, पण ताईंनी तिथेही दोन चुण्या घातल्या होत्या. पोटाखालून कापड थेट मागच्या पायांपर्यंत नेलेलं.

"फिटिंग काय आहे," काका म्हणाले. "मला कुणी असा शिवला नाही."

ताई बोक्याकडे बघतच नव्हत्या. शिवणीवरून अंगठा फिरवत होत्या.

बोका ऐटीत चालत पहिल्या दिव्याच्या खांबापाशी गेला. हुंगलं, विचार केला आणि पाय वर केला. दुसऱ्याच क्षणी कोटाच्या पोटाकडून वाफ निघायला लागली. खांब कोरडाच राहिला.

काका घसा साफ करून म्हणाले, "ताई, तुम्ही पुरुषांचे कपडे शिवत नाही म्हणता, ते अगदी खरं आहे हो."

मला हसू आवरेना आणि भीतीही वाटली. आता ह्या म्हणणार, हात गेला तो गेलाच. पण ताई वाकून तो ओला कोट निरखत होत्या आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता.

"ही हाताची चूक नाही," त्या म्हणाल्या. "डोक्याची आहे. बायकांचं कापायची सवय. हा बाप्या आहे हे विसरलेच मी. वहिनी, धरा ह्याला."

त्यांनी बाकावर बसून पिशवीतून पत्र्याची डबी काढली. त्यात कात्री, सुई, दोरा.

"अहो, ओलं आहे ते," काका म्हणाले.

"पोराची दुपटी धुतलीत मी. मला सांगताय?"

कोट काढून त्यांनी पोटाचं कापड गोलाकार कापलं. आता कड दुमडून शिवायला हवी होती, नाहीतर लोकर सुटली असती. त्यांनी सुई घेतली. दोरा नाक चुकवून गेला. पुन्हा चुकवून गेला. थंडीने बोटं लाकडासारखी झालेली.

"द्या, मी ओवतो," काकांनी हात पुढे केला.

"तुम्ही साहेबांना सांभाळा."

ताईंनी सुई पदराला टोचली आणि उजवा हात बोक्याच्या काखेत घालून बसल्या. बोक्याने मान वळवून पाहिलं आणि चालवून घेतलं. नदीवर बदकं बोलत होती, ती दिसत मात्र नव्हती. काकांनी एकही विनोद केला नाही. बोटं ऊबदार झाल्यावर ताईंनी हात काढला, सुई घेतली, आणि दोरा नाकातून पार झाला.

मग त्या सावकाश टाके घालत गेल्या. मध्येच मनगट झटकायच्या, पुन्हा घालायच्या. कड वळली, गाठ बसली, दोरा दातांनी तुटला. कोट परत अंगात चढला आणि आम्ही सगळे पुढच्या खांबाकडे डोळे लावून निघालो. बोक्याने पाय वर केला. खांब ओला झाला, कोटाला थेंबही लागला नाही. इतक्या मोठ्या माणसांना एवढ्या गोष्टीचा एवढा आनंद झालेला साहेबांनी पाहिला आणि तेही उगाच भुंकून घेते झाले.

ताईंनी तिथूनच मुलाला फोन लावला. "उठलास? भाचीला सांग, टेम्पो आणू नकोस. मशीन इथेच राहील. शिकायला यायचं असेल तर ये म्हणावं, दुकानात जास्तीचं स्टूल आहे." पलीकडून तो काहीतरी बोलला. "दुखतं ना. नाही कुठे म्हणतेय? हळू शिवीन. ज्यांना घाई आहे त्यांनी तयार कपडे घ्यावेत."

परतल्यावर काकांनी आणि मी मिळून शटर वर ढकललं. ताईंनी मशीनवरचं झाकण काढून त्याची घडी केली आणि टेप गळ्यात अडकवली. काका दारातच घुटमळत होते, साहेबांची साखळी एका हातातून दुसऱ्या हातात घेत.

"काय हो काका," ताईंनी विचारलं, "हल्ली साहेबांना भूक कशी लागते?"

काका सविस्तर सांगायला लागले. त्यांचं बोलणं अर्ध्यावर होतं, तोवर टेप साहेबांच्या पोटाखालून फिरून परत ताईंच्या गळ्यात गेलेली होती.