बेस हाय

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. गणेशपुरीच्या रस्त्याला अमक्या वळणावर बाई दिसते म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मी हसलेलो आहे. मी राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅच बघतो. कुठला माल कुठल्या गाडीत चढला हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही न करणारा माणूस. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण इथे कुणी अर्थ लावून दिला तर बरं... नाही दिला तर निदान एकदा ओकून तरी होईल.

मी बेस गिटार वाजवतो. चार जाड तारांची गिटार. ती वाजत असते तेव्हा कुणाचं लक्ष नसतं, आणि थांबली की गाणं पोकळ वाटतं. बायपासला एका फॅमिली बारमध्ये शनिवार-रविवार संध्याकाळी आमचा चौघांचा ग्रुप वाजवायचा. गाणारा नितीन, ग्रुपही त्याचाच. कीबोर्डवर विलास, ऑक्टोपॅडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमवर, हरेश, आणि मी. स्टेज म्हणजे काय, तर हात धुवायच्या बेसिनशेजारचा कोपरा!

माझ्याकडे हळदीच्या ऑर्केस्ट्रातला जुना अॅम्प होता. त्याचं पंधरा इंची स्पीकरचं कॅबिनेट... नावाला कॅबिनेट, आकाराने कपाट. मोकळ्या शेतात मांडव घालून हळद असते तिथे ते शोभायचं. बारमध्ये त्याने एका टेबलाची जागा खाल्ली. मॅनेजरने नितीनला झापलं आणि नितीनने मला.

"छोटं काहीतरी आण. नाहीतर राहू दे, विलासचा डावा हात मोकळाच असतो."

ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी – कीबोर्डवाला उजव्या हाताने गाणं आणि डाव्या हाताने बेस वाजवू शकतो. तसा वाजतो आपला काहीतरी. बारमध्ये पिणाऱ्याला काय फरक पडतो? इतकी वर्षं बोटं सोलून घेतल्यावर आपली लायकी म्हणजे दुसऱ्याचा डावा हात. ऐकून डोकं फिरलं होतं, पण ग्रुप सोडायचा नव्हता. त्या दोन संध्याकाळींसाठीच मी बाकीचा आठवडा खोकी चढवत होतो.

मग मी शोध घ्यायला लागलो. पहिला मार्ग, गिटार सरळ बारच्या मिक्सरमध्ये लावायची. पण भिंतीवर टांगलेल्या त्या स्पीकरच्या डबड्यांना बेस झेपत नाही, नुसती खडखडतात. दुसरा, कॉम्बो, म्हणजे अॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात. उचलायला सोपा, पण छोटा असला तर ऑक्टोपॅडपुढे मान टाकतो. तिसरा, हलका पण दणकट हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा नुसता अॅम्प, आणि खाली बारा इंचीचं एकच कॅबिनेट. हेड पाठीवरच्या बॅगेत, कॅबिनेट बाईकला मागे बांधून. चार लोकांना विचारलं, व्हिडिओ बघितले, सगळ्यांचं एकच – तिसरा मार्ग घे. माझंही तेच ठरलं.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही दिघाशीचे. बाबा तरुणपणी बेंजो पार्टीत ढोल वाजवायचे, नंतर शेतीच. त्यांची एक सवय होती. कुठलीही वस्तू पसंत पडली की तिच्यावर तळहाताने दोन थापा मारायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "बेस हाय." आमच्याकडे बेस म्हणजे छान. कलिंगडावर थाप, बेस हाय. काकाच्या नव्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाप, बेस हाय. शेजारच्या म्हशीला बेस हाय, जावयाच्या मोटरसायकलला बेस हाय.

मी बेस गिटार घेतली तेव्हा गावातली पोरं मला चिडवायची, "तुजा बेस बेस हाय का रं?" बाबा एकदाच आमच्या प्रॅक्टिसला आले होते. मागे भिंतीला टेकून अख्खं गाणं ऐकलं. संपल्यावर माझ्या कॅबिनेटवर हात ठेवला. मी थापेची वाट बघत राहिलो. त्यांनी हात काढून घेतला आणि म्हणाले, "तू काय वाजवतंस, आयकूच येत न्हाय." आणि निघून गेले. परत कधी आले नाहीत. गेल्या भातकापणीच्या सुमारास ते वारले, तोवर मला एकदाही बेस म्हणाले नाहीत. म्हशीला म्हणाले!

तर शुक्रवारी सुट्टी टाकून मी भिवंडीत एका जुन्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकान लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गल्लीत आहे. एरवी तिथे खटक-खटक आवाजात स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, पण शुक्रवारी लूम बंद, सगळी गल्ली सामसूम. नमाज आटोपून चाचांनी नुकतंच शटर उघडलं होतं. मला हवा होता तो हेड आणि बारा इंची कॅबिनेट, दोन्ही त्यांच्याकडे होते. बाजूला एक जुना दहा इंची कॉम्बो होता, पुढची जाळी फाटलेली. चालतो का बघायला चाचांनी त्याचं बटण चालू केलं होतं. लाल दिवा लागला होता, इतकंच. त्याला गिटारची वायर जोडलेली नव्हती. माझी गिटार कव्हरमध्ये, खांद्यावर. चाचा माझ्याकडे पाठ करून खोक्यात वायर शोधत होते.

आणि त्या कॉम्बोतून आवाज आला... थप्, थप्. लाकडावर तळहात पडल्यासारखा. मग घसा खाकरल्याचा. मग—

"बेस हाय."

मी झटकन कॉम्बोकडे वळलो. चाचा मात्र वळलेसुद्धा नाहीत. शोधता शोधता म्हणाले, "हाँ भाई, बेस का ही है. गिटारवाला वो उधर रखा है."

मी तोंड उघडलं नव्हतं.

"चाचा, आप किससे बोले?"

"तुमसे. तुमने ही तो पूछा ना, बेस है?"

बाहेर जाऊन बघितलं. गल्लीत कुणी नव्हतं. परत येऊन कॉम्बोला कान लावला. आत नुसती घरघर.

पुढे मी काय केलं असेल ते सांगायला नको. हेड राहिला, कॅबिनेट राहिलं. तो फाटक्या जाळीचा कॉम्बो मी बाईकवर बांधला आणि दिघाशीपर्यंत हेल्मेटच्या आत रडत आलो. बाप मेल्यावर का होईना, बोलला. मला आणखी काय पाहिजे होतं?

शनिवारी तोच घेऊन बारमध्ये गेलो. मॅनेजर खूश, टेबल वाचलं. पण हरेशने ऑक्टोपॅडवर पहिला ठेका धरला आणि माझा आवाज त्यात बुडाला. वाढवला तर स्पीकर फाटक्या पत्र्यासारखा वाजायला लागला, म्हणून पुन्हा कमी केला. तिसऱ्या गाण्यानंतर नितीन पाण्याची बाटली घेऊन माझ्याकडे आला.

"तू काय वाजवतोयस, ऐकूच येत नाही रे."

शब्द तेच. फक्त शहरातले.

पुढच्या शनिवारी मला बोलावणं आलं नाही. विलासचा डावा हात वाजवतोय म्हणे. कुणाची तक्रार नाही. बरोबरच आहे, कशाला असेल!

गोडाऊनमधला एक इलेक्ट्रिशियन म्हणतो, जुने अॅम्प कधीकधी रेडिओ पकडतात, कुणाचातरी वायरलेस लागला असेल. मान्य. पण वायरलेसवर कोण थापा मारून घसा खाकरतो? आणि मला भास झाला म्हणावं, तर चाचांनी उत्तर कुणाला दिलं?

शेवटी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, घाबरली नाही, रडलीही नाही.

"तवा तू वाजवत व्हतास का?"

"नाही. गिटार कव्हरमध्येच होती."

"मंग तुला कशाला म्हनंल? खोक्याला म्हनला आसल."

आणि परत तांदूळ निवडायला लागली.

तो कॉम्बो अजून घरात आहे. विकवत नाही. सुट्टीच्या दुपारी लावतो, एक अख्खं गाणं नीट वाजवतो, मग तारांवर हात ठेवून गप्प बसतो. काय झालं होतं ते मला आजही सांगता येत नाही. कुणाला असा अनुभव असेल तर कळवा. माझा कॉम्बो त्या दिवसानंतर एकदाही बोललेला नाही.